डेटाबेस फॉर्ममधील नोंदी स्प्रेडशीटमध्ये जोडणे

डेटाबेस फॉर्ममधील नोंदी स्प्रेडशीटमध्ये जोडणे म्हणजे डेटाबेसच्या फॉर्मवर भरलेली माहिती आज्ञावलीच्या साहाय्याने आधीपासून असलेल्या स्प्रेडशीटच्या शेवटच्या ओळीखाली लिहिणे होय. या क्रियेत जुना मजकूर जसाच्या तसा राहतो. त्यामुळे ती निर्यातीपेक्षा वेगळी ठरते. निर्यातीत बहुधा नवी फाइल तयार होते किंवा जुन्या मजकुराची जागा नवा मजकूर घेतो. प्रस्तुत लेखात मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस हा डेटाबेस, एक्सेल ही स्प्रेडशीट आणि त्यांना सामाईक असलेली व्हिज्युअल बेसिक फॉर अ‍ॅप्लिकेशन्स (व्हीबीए) ही भाषा यांच्या आधारे ही पद्धत स्पष्ट केली आहे.

पार्श्वभूमी

एक्सेल १९८५ मध्ये मॅकिंटॉश संगणकासाठी व १९८७ मध्ये विंडोजसाठी उपलब्ध झाले. अ‍ॅक्सेस १९९२ मध्ये आले, तर व्हीबीएचा प्रवेश १९९३ मध्ये एक्सेल ५.० बरोबर झाला. एके काळी एक्सेलची शीट अ‍ॅक्सेसला जोडून तिच्यात थेट नव्या नोंदी घालता येत असत. या दोन प्रणालींमधील जोडणीच्या पद्धतीवर ग्वाटेमालाचे संशोधक कार्लोस अमादो यांनी पेटंटहक्क सांगितला आणि २००५ मध्ये अमेरिकेतील ज्यूरीने मायक्रोसॉफ्टविरुद्ध निर्णय दिला. त्यानंतर कंपनीने अ‍ॅक्सेस २००२ व २००३ साठी सुधारणा प्रसृत करून ही सोय काढून घेतली. २००७ च्या आवृत्तीतही ती परतली नाही. जोडलेली शीट वाचता येते, पण तिच्यात भर घालता येत नाही. एका कायदेशीर वादामुळे साधे काम आज्ञावली लिहिणाऱ्याकडे आले, असे म्हणता येईल.

कार्यपद्धती

शाळेच्या प्रवेशाचे उदाहरण घेऊ. विद्यार्थ्याची माहिती फॉर्मवर भरली जाते आणि बटण दाबताच ती वार्षिक यादीच्या फाइलमध्ये जावी अशी अपेक्षा असते. बटणाच्या आज्ञावलीने सर्वप्रथम फॉर्मवरील नोंद तक्त्यात साठवली पाहिजे. पडद्यावर दिसणारी नोंद साठवली गेलेली असतेच असे नाही. तक्ता वाचणाऱ्या आज्ञावलीला अशा वेळी जुनीच माहिती मिळते. नोंद साठवल्यावर आज्ञावली एक्सेल सुरू करते, फाइल उघडते, पहिली रिकामी ओळ शोधते, एकेका स्तंभात मूल्ये लिहिते, फाइल साठवते आणि एक्सेल बंद करते.

अनेक नोंदी एकदम पाठवायच्या असल्यास एक्सेलची ‘कॉपी फ्रॉम रेकॉर्डसेट’ ही पद्धत उपयोगी पडते. ती नोंदसंचातील चालू नोंदीपासून पुढे नकल करते. नोंदी मोजण्यासाठी आज्ञावली आधी संचाच्या शेवटी गेली असेल आणि तिला पुन्हा पहिल्या नोंदीवर आणले नसेल, तर फक्त शेवटची नोंद उतरते.

शेवटची ओळ शोधणे

साऱ्या पद्धतीचा भार या पायरीवर आहे. प्रचलित युक्ती अशी : एका स्तंभाच्या अगदी तळाच्या सेलपासून वर जावे आणि जो पहिला भरलेला सेल लागेल त्याच्या खालच्या ओळीत लिहावे. यासाठी निवडलेला स्तंभ कधीही रिकामा न राहणारा असावा लागतो. दूरध्वनी क्रमांकाचा स्तंभ निवडला आणि शेवटच्या विद्यार्थ्याचा क्रमांक भरलेला नसला, तर नवी नोंद त्याच विद्यार्थ्याच्या ओळीवर लिहिली जाते. संगणक कोणतीही सूचना देत नाही. जनरल रजिस्टर क्रमांकासारखा स्तंभ यासाठी योग्य.

एक्सेल २००३ पर्यंत शीटवर ६५,५३६ ओळी असत. २००७ पासून त्या १०,४८,५७६ झाल्या. जुन्या आज्ञावलींत ६५,५३६ हा आकडा थेट लिहिलेला आढळतो. नव्या फाइलमध्ये ओळी तिथवर सलग भरल्या, की शोधाची सुरुवातच भरलेल्या सेलपासून होते, शोध थेट मथळ्यापर्यंत जातो आणि नवी नोंद दुसऱ्या ओळीतील जुनी नोंद पुसते. म्हणून आकडा न लिहिता ओळींची संख्या त्या शीटलाच विचारावी.

इतर दक्षता

‘००७’ सारखा क्रमांक एक्सेल ७ असा करून टाकते आणि पंधरापेक्षा अधिक अंकी संख्येचे पुढचे अंक शून्य होतात. अशा स्तंभांना आधीच मजकुराचे रूप द्यावे. बटण दोनदा दाबल्यास नोंद दोनदा जाते, यासाठी फाइल यशस्वीपणे साठवल्यानंतर तक्त्यातील नोंदीवर ‘पाठवली’ अशी खूण करतात. खूण आधी करणे धोक्याचे, कारण साठवण फसली तर ती नोंद कायमची मागे राहते. एक्सेल नीट बंद न झाल्यास ते पडद्याआड चालू राहते व पुढच्या वेळी तीच फाइल केवळ वाचण्यापुरती उघडते.

इंग्लंडमधील घटना

सप्टेंबर–ऑक्टोबर २०२० मध्ये पब्लिक हेल्थ इंग्लंड ही संस्था प्रयोगशाळांकडून आलेले कोविड चाचण्यांचे अहवाल एक्सेलच्या जुन्या स्वरूपातील फाइलमध्ये भरत होती. प्रत्येक रुग्णासाठी अनेक ओळी लागत असल्याने ६५,५३६ ओळींची मर्यादा लवकर गाठली गेली आणि पुढच्या नोंदी गळत गेल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ बाधितांची नोंद दैनंदिन आकडेवारीत आली नाही. या व्यक्तींना चाचणीचा निकाल कळवला गेला होता. परंतु त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध घेणाऱ्या यंत्रणेकडे त्यांची माहिती वेळेवर पोहोचली नाही. नंतर अहवाल लहान लहान गटांत विभागून अधिक फाइलमध्ये भरण्यास सुरुवात झाली.