सहा दिवस, पाच सामने, पाच शून्यं

1899 सालच्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या एका डोंगरमाथ्यावरच्या कॉलेजची वीसेक मुलं आगगाडीत बसून दक्षिणेच्या दौऱ्यावर निघाली. सहा दिवसांत ती पाच शहरांत पाच विद्यापीठांच्या संघांविरुद्ध अमेरिकन फुटबॉल खेळली आणि पाचही सामने जिंकली. त्याहून मोठं नवल म्हणजे या पाच संघांपैकी एकालाही त्यांच्याविरुद्ध एक गुणसुद्धा मिळवता आला नाही.

गावाचं नाव सवानी, संस्थेचं नाव युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ. कॉलेज लहान, विद्यार्थी मोजके. दौऱ्याची कल्पना होती संघाच्या व्यवस्थापकाची, वीस वर्षांच्या ल्यूक ली या विद्यार्थ्याची. व्हँडरबिल्ट विद्यापीठाशी दरवर्षी होणारा सामना तिकिटांच्या पैशांच्या वादातून त्या वर्षी रद्द झाला होता. बुडालेलं उत्पन्न भरून काढायचं तर कमी दिवसांत जास्तीत जास्त सामने हवेत, म्हणून लीने रेल्वेच्या वेळापत्रकाभोवती दौरा आखला. दिवसा सामना, रात्री गाडीत झोप, सकाळी नवं शहर. एकूण प्रवास जवळजवळ 2,500 मैलांचा, म्हणजे 4,000 किलोमीटरचा.

9 नोव्हेंबरला, गुरुवारी, ऑस्टिनमध्ये टेक्सास विद्यापीठावर 12-0. शुक्रवारी ह्यूस्टनमध्ये टेक्सास ए अँड एमवर 10-0. शनिवारी न्यू ऑर्लिन्समध्ये टुलेनवर 23-0. रविवारी विश्रांती. सोमवारी बॅटन रूजमध्ये लुइझियाना स्टेटवर 34-0. मंगळवारी, 14 तारखेला, मेम्फिसमध्ये मिसिसिपी विद्यापीठावर 12-0. परक्या पाण्याने कुणी आजारी पडू नये म्हणून सवानीच्या झऱ्याचं पाणी पिंपांत भरून सोबत घेतलं होतं, असं सांगतात.

या आकड्यांची किंमत कळायला तेव्हाचा खेळ डोळ्यांसमोर आणावा लागेल. कबड्डीत चढाई करणाऱ्याला सगळ्यांनी मिळून धरावं, तशी इथे चेंडू घेऊन धावणाऱ्याची पकड होते. फरक इतकाच की त्याच्या बाजूचे दहा जणही त्याला वाट करून देण्यासाठी समोरच्यांवर तुटून पडलेले असतात. 1899 मध्ये तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकलं की चेंडू आपल्याकडे राहायचा, नाहीतर तो प्रतिस्पर्ध्याकडे जायचा. चेंडू हवेतून पुढे फेकायला परवानगी नव्हती, ती 1906 मध्ये मिळाली. त्यामुळे प्रत्येक यार्ड अंगाला अंग भिडवूनच मिळवावा लागे. हेल्मेटची सक्ती नव्हती. हल्ला करणारे अकरा आणि बचाव करणारे अकरा वेगळे नसत, तेच खेळाडू दोन्ही कामं करत. शिवाय एकदा मैदानाबाहेर गेलेल्या खेळाडूला त्या सामन्यात परत येता येत नसे.

आता शरीराचा विचार करू. अशा धडकाधडकीत स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होतात. त्यांचं दुखणं लगेच शिगेला पोहोचत नाही. साधारण एक ते तीन दिवसांनी ते सर्वांत जास्त जाणवतं. म्हणजे गुरुवारच्या सामन्याचा ठणका शनिवारी टुलेनसमोर उभं राहताना भरात असणार, आणि त्यावर शुक्रवारच्या माराची भर. स्नायूंमधला साखरेचा साठा भरून यायलाही नीट जेवण आणि साधारण एक दिवस लागतो. रविवार सोडला तर यांना मिळत होती फक्त डब्यात हिंदकळणारी रात्र.

म्हणून मला विजयांपेक्षा शून्यांचं आश्चर्य जास्त वाटतं. चेंडू कुठे जाणार हे हल्ला करणाऱ्याला आधी ठाऊक असतं. बचाव करणाऱ्याला ते ओळखावं लागतं, तिथे पोहोचावं लागतं आणि अंगावर येणारं वजन अडवावं लागतं. दमलेला हल्लेखोर फार तर कमी गुण करेल, पण दमलेला बचावपटू एकदा जरी उशिरा पोहोचला तरी फलकावर आकडा चढतो. कमीच गुण होण्याचा तो काळ होता, शून्यावर संपणारे सामने तेव्हा दुर्मीळ नव्हते, सामन्याची वेळही कधीकधी आपसांत ठरवून कमी केली जाई. हे सगळं धरूनसुद्धा, ठणकणाऱ्या अंगाने सलग पाच वेळा एकही चूक महाग पडू न देणं थक्क करणारं आहे. कर्णधार हेन्री साइबेल्स आणि प्रशिक्षक बिली सूटर यांच्या संघात कुणी कुठे उभं राहायचं हे पाय थकल्यावरही विसरलं जात नव्हतं, एवढं या पाच शून्यांवरून नक्की म्हणता येतं.

त्या हंगामात सवानीने बाराच्या बारा सामने जिंकले, 322 गुण केले आणि फक्त 10 दिले. ते दहाही एकाच सामन्यातले. 30 नोव्हेंबरला मोंटगोमेरीत ऑबर्नशी गाठ पडली. ऑबर्नचे प्रशिक्षक होते जॉन हाइझमन. आज कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला दिला जाणारा करंडक त्यांच्याच नावाचा आहे. त्यांचा संघ एक चाल संपताच समोरच्यांना सावरू न देता पुढची चाल सुरू करायचा. प्रवासाच्या थकव्यालाही न फुटलेली भिंत या वेगापुढे फुटली. तेव्हा टचडाउनला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेण्याला, पाच गुण होते आणि त्यानंतर चेंडू खांबांमधून मारला की एक. सामना 11-10 असा सुटला. त्या एका गुणावर हंगाम तरला. दोनच दिवसांनी अटलांटात नॉर्थ कॅरोलायनालाही 5-0 असं हरवून त्यांनी तो पुरा केला.

हा विक्रम मोडला जाईल असं वाटत नाही. माणसं दुबळी झाली म्हणून नव्हे. आजचे खेळाडू अधिक वजनदार, अधिक वेगवान आहेत. पण धडकेचा जोर वजन आणि वेग या दोन्हींसोबत वाढतो, त्यामुळे सावरायला वेळही जास्त लागतो, आणि आजचे कॉलेज संघ साधारण आठवड्याला एकच सामना खेळतात. 1905 मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट यांनी लक्ष घातलं आणि त्या हंगामातल्या मृत्यूंनंतर खेळाडूंच्या जिवाची काळजी नियमांत उतरू लागली. रात्रीत शहर गाठून देणारी रेल्वे आलेली आणि हे नियम यायचे राहिलेले, अशा थोड्याच वर्षांच्या फटीत सवानीचा दौरा घडला.

ल्यूक ली पुढे अमेरिकेच्या सिनेटवर निवडून गेले. सवानी 1932 मध्ये दक्षिणेतल्या बलाढ्य संघांच्या संघटनेची संस्थापक सदस्य झाली, पण तिथे तिला एकही साखळी सामना जिंकता आला नाही आणि 1940 मध्ये ती बाहेर पडली. लहान कॉलेजं मोठ्या विद्यापीठांना मागे टाकू शकत होती तो काळ सरला होता. आज तिचा संघ क्रीडा शिष्यवृत्त्यांशिवाय खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटात आहे. यशाच्या अशा उतरत्या आलेखाची हळहळ वाटते खरी, पण त्यामुळे 1899 चं मोल कमी होत नाही. कोणत्याही मोठ्या हंगामात खेळाडूंच्या ताकदीइतकाच वाटा आखणीचा, शिस्तीचा आणि त्या काळाने उघड्या ठेवलेल्या संधीचा असतो. या मुलांनी तिन्ही एकाच आठवड्यात कामी आणलं, आणि म्हणूनच ती पाच शून्यं सव्वाशे वर्षांनंतरही तशीच उभी आहेत.