सुवर्णदुर्गाचे दारूकोठार

रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील हर्णै बंदरासमोर, भर समुद्रातील एका बेटावर सुवर्णदुर्ग उभा आहे. मराठ्यांच्या आरमाराच्या इतिहासात, आणि विशेषतः आंग्रे घराण्याच्या उत्कर्षात, या जलदुर्गाचे स्थान मोठे आहे. समोरच्या किनाऱ्यावरील गोवा, कनकदुर्ग आणि फत्तेगड हे त्याचे पाठीराखे होत.

किल्ल्याचा तट काही भागात बेटाचाच खडक तासून सिद्ध केलेला असून त्यावर अवजड चिरे रचलेले आहेत. महाद्वार किनाऱ्याकडे तोंड करून असले तरी बुरुजांच्या आड असे दडविले आहे की, ते दुरून सहसा दृष्टीस पडत नाही. पायरीवर कासव आणि तटावर मारुती कोरलेला आहे.

जलदुर्गात तोफांइतकेच महत्त्व दारूकोठाराला असे. सोरा, गंधक व कोळसा यांच्या मिश्रणातून होणारी तोफेची दारू ओल लागताच निकामी होई आणि ठिणगी पडताच सर्वनाश करी. कोकणचा पाऊस व खारी हवा लक्षात घेता तिचा साठा कोरडा राखणे हेच एक कसबाचे काम होते. म्हणून कोठाराला जाड दगडी भिंती व मोजकीच दारे-झरोके ठेवीत आणि जागा शक्यतो वस्तीपासून दूर निवडीत. परंतु बेटावरील गडात दूर तरी किती जाणार? शिवाय माणसांची घरे गवताने शाकारलेली!

याचा प्रत्यय 1755 च्या एप्रिलमध्ये आला. तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्ध पेशवे आणि मुंबईकर इंग्रज एकत्र आले होते. कमोडोर जेम्सने ‘प्रोटेक्टर’ या जहाजावरून केलेल्या तोफांच्या भडिमाराला तटाने दाद दिली नाही. अखेर एक गरनाळी गोळा आत एका शाकारलेल्या घरावर पडला. आग विझविण्यास धावणाऱ्यांवर जहाजावरून बंदुकींचा मारा होत राहिला, आग पसरत गेली आणि दारूचा साठा भडकून उडाला. स्त्रिया-मुलांसह शेकडो माणसे होड्यांतून किनारा गाठू लागली, ती वाटेतच पकडली गेली. पुढे इंग्रज खलाशांनी दरवाजा कुऱ्हाडींनी फोडला. जो तट बाहेरून अभेद्य ठरला, त्याचा घात आतल्या गवताने केला, असेच म्हणावे लागते.

ठरल्याप्रमाणे किल्ला पेशव्यांकडे आला, बाणकोट मात्र इंग्रजांना मिळाले. दुसऱ्याच वर्षी विजयदुर्गाजवळ आंग्र्यांचे आरमारही जळाले. तेथेही आगच कारण झाली.

आज सुवर्णदुर्गात दारूकोठार म्हणून दाखविली जाणारी दगडी वास्तू, पाण्याची टाकी आणि वाड्यांची जोती झाडीत उभी आहेत. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या मराठ्यांच्या 12 दुर्गांत रत्नागिरी जिल्ह्यातील हा एकच दुर्ग आहे. हर्णै बंदरातून होडीने तेथे जाता येते. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्याने हा प्रवास टाळावा. सोबत पिण्याचे पाणी घेणे आवश्यक आहे.