विश्लेषण : मेडिक्लेमला तीन तास, कारखान्यातल्या जखमेला किती? कामगारांच्या विमा बिलांचे घोडे कुठे अडते?

आरोग्य विमा असलेला रुग्ण बरा होऊन घरी निघाला, की त्याच्या कॅशलेस बिलावर विमा कंपनीने तीन तासांत अंतिम मंजुरी द्यावी, असा नियम २०२४ पासून आहे. अंबरनाथ पश्चिमेच्या मोरिवली-चिखलोली औद्योगिक पट्ट्यात यंत्रात हात सापडलेल्या कामगाराच्या बिलाला मात्र हे घड्याळ लागू होत नाही. असे का, आणि तोवर पैसे कोणाच्या खिशातून जातात?

कामावरच्या अपघाताचे बिल नेमके कोणाचे?

विम्को, धरमसी मोरारजी अशा मोठ्या कारखान्यांभोवती वाढलेल्या या शहरात आज लहान युनिट आणि कंत्राटी कामगार अधिक दिसतात. अपघात झाला की पहिला प्रश्न पगाराचा. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत महिना २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असेल, तर कामगार कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये येतो. त्यासाठी मालक वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के भरतो. उपचार, सक्तीच्या रजेतला पगार, अपंगत्वाचे निवृत्तिवेतन हे सगळे मग ईएसआय महामंडळाकडे.

वेतन २१ हजारांच्या वर असेल किंवा युनिट दहापेक्षा कमी माणसांचे असेल, तर जबाबदारी थेट मालकाची. ती १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यातून आलेली आहे. हा कायदा आणि १९४८ चा ईएसआय कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले आहेत. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. मूळ चौकट फारशी बदललेली नाही. हे दायित्व आपल्यावर येऊ नये म्हणून मालक सर्वसाधारण विमा कंपनीकडून पॉलिसी घेतो. बाजारात तिला अजूनही ‘वर्कमेन कॉम्प’ म्हणतात.

ईएसआयची बिले तर ऑनलाइन आहेत, मग अडते कुठे?

महाराष्ट्रात ईएसआयचे दवाखाने आणि बरीच रुग्णालये राज्य सरकारची कामगार विमा सोसायटी चालवते. अंबरनाथच्या कामगाराला जवळचे रुग्णालय उल्हासनगरचे. तिथे सोय नसलेल्या उपचारासाठी त्याला संलग्न खासगी रुग्णालयाकडे पाठवले जाते. अशा रुग्णालयाने केंद्र सरकारी आरोग्य योजनेच्या दरांनुसार बिल करायचे, ते संगणक प्रणालीवर चढवायचे आणि यूटीआयआयटीएसएल या संस्थेने ते तपासायचे, अशी रीत बरीच वर्षे चालू आहे.

म्हणजे बिल संगणकावर आहे. पण बिल चढवणे वेगळे आणि पैसे मिळणे वेगळे. तपासणीत त्रुटी निघते, खुलासा मागवला जातो, दरात कपात होते, आणि मंजूर रक्कमही निधी येईपर्यंत थांबते. थकीत बिलांमुळे संलग्न रुग्णालये ईएसआयचे रुग्ण घेताना हात आखडता घेतात, ही तक्रार देशभर जुनी आहे. कामगाराला हिशेब दिसत नाही, त्याला फक्त ‘सध्या बेड नाही’ एवढे ऐकू येते.

दुसरी गाठ तातडीच्या उपचारांची. रात्रपाळीत बोटे चिरडली तर सहकारी त्याला रिक्षात घालून जवळच्या खासगी रुग्णालयात नेतात. तिथे शिफारसपत्र विचारत बसायला वेळ नसतो. रुग्णालय संलग्न नसेल तर बिल आधी भरावे लागते. मग मूळ पावत्या, डिस्चार्ज कार्ड, तातडीचे प्रमाणपत्र अशी फाइल घेऊन दवाखान्यात प्रतिपूर्तीचा अर्ज. ईएसआयचे ऑनलाइनपण इथे संपते.

पगाराच्या बाबतीत मात्र ईएसआय खरोखर उजवी आहे. कामावरच्या इजेमुळे कामाला येता येत नसेल तोवर वेतनाच्या ९० टक्के दराने रक्कम बँक खात्यात येते आणि त्यासाठी आधी किती महिने वर्गणी भरली याची अट नाही. पहिल्याच दिवशी अपघात झाला तरी हक्क आहे. अट एवढीच की मालकाने नोंदणी केलेली असावी आणि अपघाताचा अहवाल वेळेत पाठवलेला असावा.

मालकाची पॉलिसी असेल तर?

इथे गुंता खरा वाढतो. कामावर झालेल्या इजेच्या उपचारांचा प्रत्यक्ष खर्च मालकाने द्यावा, अशी तरतूद २००९ च्या दुरुस्तीने कायद्यात आली आणि संहितेतही ती आहे. तिला कमाल मर्यादा नाही. पण विमा पॉलिसीत वैद्यकीय खर्च बहुधा जादा हप्ता भरून घ्यायचे कलम असते आणि त्याला ठरावीक मर्यादा असते. हप्ता वाचवण्यासाठी ते कलम कमी रकमेचे घेतले किंवा घेतलेच नाही, तर उरलेला भार मालकावर, आणि मालकाने हात वर केले तर कामगारावर. पॉलिसी आहे म्हणजे रुग्णालयाचे बिल फिटले, हा समज त्यामुळेच धोक्याचा.

ही पॉलिसी रुग्णालयाला ओळखतही नाही. करार मालक आणि विमा कंपनी यांच्यात. रुग्णालयाच्या विमा कक्षात मेडिक्लेमचे कार्ड चालते, हे चालत नाही. बिल कामगार किंवा मालक भरतो, मालक दावा करतो, कंपनी हजेरीपट, वेतनपत्रक, अपघात अहवाल, पोलीस कागद मागते. कंत्राटदाराचा माणूस असेल तर ‘हा आमच्या यादीत होता का’ यावरच महिना जातो. कायदा मात्र मूळ मालकालाही जबाबदार धरतो आणि त्याला ती रक्कम कंत्राटदाराकडून वसूल करण्याची मुभा देतो.

जखमी माणूस या पॉलिसीचा ग्राहकच नाही. दाव्याचा क्रमांक मालकाच्या मोबाइलवर येतो. विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलची रचनाही पॉलिसीधारकाच्या तक्रारीसाठी आहे. हात गमावलेल्याला आपला दावा कुठल्या टेबलावर आहे हे विचारायलाही मालकाचीच मर्जी लागते. ही या व्यवस्थेतली सगळ्यात खुपणारी गोष्ट आहे.

तीन तासांचा नियम इथे का नाही?

विमा नियामक आयआरडीएआयने २९ मे २०२४ च्या परिपत्रकात कॅशलेस विनंतीवर एक तासात आणि घरी सोडताना तीन तासांत निर्णय देण्याचे बंधन घातले. तीन तासांनंतर रुग्णालयाने जादा आकार लावला तर तो कंपनीने भागधारकांच्या निधीतून सोसायचा. पण ते परिपत्रक आरोग्य विम्यापुरते आहे. कामगार नुकसानभरपाईची पॉलिसी सर्वसाधारण विम्यात मोडते. त्यासाठी जून २०२४ मध्ये आलेल्या परिपत्रकात केवळ कागद नाहीत म्हणून दावा नाकारू नये, असे म्हटले आहे. हे कामाचे कलम आहे, पण त्यात रुग्णालयाच्या बिलासाठी तासांचे घड्याळ नाही. ईएसआय तर या नियामकाच्या कक्षेतच येत नाही.

ई-बिल सक्तीचे केले तर काय होते?

अमेरिकेतील काही राज्यांनी हे करून पाहिले आहे. टेक्सासने २००८ पासून, तर कॅलिफोर्नियाने १८ ऑक्टोबर २०१२ पासून कामगार नुकसानभरपाईच्या विमा कंपन्यांना डॉक्टर-रुग्णालयांची इलेक्ट्रॉनिक बिले स्वीकारणे बंधनकारक केले. ई-बिल म्हणजे पावतीचा फोटो किंवा पीडीएफ नव्हे. रुग्ण, इजेची तारीख, उपचाराचा संकेतांक, रक्कम असा प्रत्येक तपशील ठरलेल्या रकान्यात असतो आणि समोरचा संगणक तो थेट वाचतो. बिल पोहोचल्याची पोचही संगणकच देतो, त्यामुळे ‘तुमची फाइल आलीच नाही’ म्हणता येत नाही. कॅलिफोर्नियात असे बिल योग्य असेल तर १५ कामकाजी दिवसांत पैसे द्यावे लागतात. कागदी बिलाला ४५ दिवस आहेत. तिथेही रकमेवरून वाद होतात. पण त्यासाठी मधल्या काळात जखमी माणसाच्या घरचे दागिने गहाण पडत नाहीत, कारण बिल रुग्णालय आणि विमा कंपनी यांच्यातच राहते.

उशिराची किंमत कोण मोजतो?

कायद्याने भरपाई देय झाल्यापासून महिन्याच्या आत मिळायला हवी. नाही तर १२ टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. समजा, तीस वर्षांच्या, २५ हजार पगाराच्या कामगाराचा अंगठा गेला. हिशेबासाठी वेतन २०२० च्या अधिसूचनेनुसार १५ हजारच धरले जाते. त्याच्या ६० टक्के म्हणजे ९ हजार, त्याला वयानुसारचा गुणक २०७.९८, आणि अंगठ्यासाठी ३० टक्के क्षमताहानी. रक्कम येते ५ लाख ६१ हजार ५४६. वर्षभर रखडली तर व्याजच ६७ हजारांच्या पुढे जाते. उपचारखर्च वेगळा.

रक्कम अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, निकालाच्या दिवसापासून नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये सांगितले. १९९७ मध्ये न्यायालयाने आणखी स्पष्ट केले की व्याज विमा कंपनीला द्यावे लागते, दंड मात्र मालकाने स्वतः भरायचा. म्हणजे कंपनीच्या ढिलाईचा दंड कंपनीला नाही, आणि व्याज मिळवायलाही कामगाराला आधी दाद मागावी लागते. ठाण्याला तारखांना जायचे तर प्रत्येक वेळी एक दिवसाची मजुरी बुडते.

पुढे काय बदलू शकते?

राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाने नॅशनल हेल्थ क्लेम्स एक्स्चेंज उभारले आहे. रुग्णालय आणि विमा कंपनी यांच्यात ठरलेल्या साच्यात दावे पाठवण्याचा हा सामायिक मार्ग असून विमा नियामकाने २०२३ मध्ये कंपन्यांना त्यावर येण्यास सांगितले. तंत्र तयार आहे. कामावरच्या इजेची बिले त्यावर आणायची तर दोन गोष्टी लागतील : रुग्णालयाला थेट पैसे देण्याचे बंधन पॉलिसीत घालणे आणि दाव्याची स्थिती कामगाराच्या मोबाइलवरही पाठवणे. नव्या संहितेत अधिसूचित धोकादायक व्यवसायात एकच कामगार असला तरी ईएसआय लागू करण्याची तरतूद आहे. रासायनिक युनिटांच्या या पट्ट्यात ती अमलात आली, तर ईएसआयकडे येणारी बिले आणखी वाढतील.

तोवर कामगाराने काय जपावे?

रुग्णालयाच्या केसपेपरवर जखम ‘कारखान्यात काम करताना’ झाली, असे पहिल्याच दिवशी लिहून घ्यावे. ‘घरी पडला’ किंवा ‘रस्त्यावर अपघात’ अशी नोंद सुपरवायझरने सांगितल्याने झाली, तर पुढे ती पुसता पुसत नाही. अपघात नोंदवहीतली नोंद आणि ईएसआयला पाठवलेल्या अहवालाची प्रत मागावी, मूळ पावत्या देण्याआधी प्रत्येकीचा फोटो काढावा. आणि ज्यांचा विमा क्रमांक अजून हाती आलेला नाही, अशा कंत्राटी कामगारांनी तो कंत्राटदाराकडून आजच मागून घ्यावा. अपघातानंतर तयार झालेला क्रमांक हाच अनेक दाव्यांतला पहिला आक्षेप असतो.