मत्स्यालयाचे भिंग : गैरसमज आणि वस्तुस्थिती

भिवंडीच्या कापडबाजारात मालाची प्रत ठरवताना दलाल आणि यंत्रमागधारक ताग्यावर जे घडीचे छोटे भिंग ठेवून इंचातील उभ्या-आडव्या तारा मोजतात, त्या पिक-ग्लासचा आणि दिवाणखान्यातील माशांच्या काचपेटीचा काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तथापि सूक्ष्मदर्शनाच्या इतिहासात या दोहोंची गाठ फार पूर्वीच पडलेली आहे. हॉलंडमधील डेल्फ्ट शहरचा कापडव्यापारी आंतोनी व्हान लेवेनहूक याला सूत पारखण्याचे भिंग व्यवसायामुळे परिचयाचे होते. पुढे स्वहस्ते घासलेल्या एकेका भिंगाच्या बळावर त्याने पाण्याच्या थेंबातील जीवसृष्टी जगापुढे आणली, आणि १७०२ सालच्या एका पत्रात, तरंगत्या पाणवनस्पतींच्या मुळांना चिकटून राहणाऱ्या व ज्याच्या अंगातूनच पिल्ले फुटतात अशा एका चिमुकल्या प्राण्याचे वर्णन केले. तो प्राणी म्हणजे गोड्या पाण्यातील हायड्रा. आणि हायड्रा हा समुद्रातील प्रवाळाचा सख्खा नसला तरी निःसंशय आप्त आहे.

काचपेटीतील सूक्ष्म जीव न्याहाळण्यासाठी हल्ली हातात धरण्याची, लोहचुंबकाने काचेला बसणारी, पाण्यावर तरंगणारी आणि मोबाइलला लावण्याची अशी नाना प्रकारची भिंगे बाजारात मिळतात. त्यांच्याविषयी, आणि त्यांतून जे पाहावयाचे त्याविषयीही, जे गैरसमज रूढ आहेत, त्यांपायी कोणी निष्कारण पैसा खर्च करतो, कोणी निरुपद्रवी जीवांचा संहार करतो, तर कोणी नकळत कायद्याच्या कचाट्यात सापडतो. म्हणून त्यांचा क्रमवार खुलासा करणे अगत्याचे आहे.

गैरसमज पहिला : प्रवाळ म्हणजे रंगीत दगड किंवा समुद्रातील वनस्पती.

वस्तुस्थिती : हा भ्रम केवळ सामान्यांचा नव्हे, अठराव्या शतकाच्या आरंभी युरोपातील विद्वन्मंडळेही प्रवाळाला वनस्पतीच समजत असत, आणि त्यावरील तथाकथित फुले ही फुले नसून प्राणी आहेत असे पेसोनेल या फ्रेंच वैद्याने सप्रमाण मांडले तेव्हा त्याचे म्हणणे प्रथम अव्हेरले गेले. १७४० नंतर अब्राहाम ट्रेंब्ली याने हायड्राचे तुकडे करून प्रत्येक तुकड्यातून पुन्हा संपूर्ण प्राणी कसा उभा राहतो हे दाखविले, आणि वनस्पतीसारखा वाढणारा जीवही प्राणी असू शकतो हे विद्वानांना मान्य करावे लागले, तेव्हा पेसोनेलच्या मताला न्याय मिळाला. प्रवाळाचा जो दगडासारखा भाग आपल्याला दिसतो, तो असंख्य सूक्ष्म प्राण्यांनी चुन्याचे थर रचून उभारलेला निवारा होय. मालवणच्या किनाऱ्यालगत आढळणाऱ्या पोरायटीस जातीच्या प्रवाळात एकेका प्राण्याचे घर जेमतेम मिलिमीटरभर रुंदीचे असते, त्यामुळे भिंगावाचून त्याचे प्राणित्व प्रत्ययास येत नाही. मुखाभोवती शुंडकांचे कडे, शुंडकांत विषारी दंशपेशी आणि पुष्कळ जातींच्या शरीरात आश्रयाला राहून अन्न निर्माण करणारी शैवाले, अशी ही रचना आहे. हिरव्या हायड्राच्या पेशींतही अशीच शैवाले वसतात. मग समुद्रापासून दूरच्या घरातही प्रवाळकुळाचा अभ्यास करता येतो, असे म्हणण्यास काय प्रत्यवाय आहे? पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तर हायड्रावर प्रदीर्घ संशोधन झालेले असून, तेथील शास्त्रज्ञांनी २०११ साली पुण्याकडील हायड्राचे वर्णन प्रसिद्ध करून त्याच्या वाणाला पुण्याचेच नाव दिले आहे.

गैरसमज दुसरा : प्रवाळ पाहावयाचे तर त्याचा एखादा तुकडा घरी आणून काचपेटीत ठेवावा, समुद्र तर सर्वांचाच आहे.

वस्तुस्थिती : समुद्र सर्वांचा असला तरी त्यातील प्रवाळ उचलण्याची मुभा कोणालाही नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली खडक रचणारी प्रवाळे, काळी प्रवाळे, अग्निप्रवाळे आणि समुद्रपंखे यांचा अंतर्भाव झाला असून, वाघाला ज्या अनुसूचीचे छत्र लाभले आहे तेच या मिलिमीटरभर जीवांनाही लाभले आहे. असे प्रवाळ तोडणे, बाळगणे वा त्याची खरेदी-विक्री करणे हा गंभीर गुन्हा असून त्यास किमान तीन वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. किनाऱ्यावर वाहून आलेला मृत तुकडाही शोभेसाठी घरी आणू नये. ज्याला प्रवाळ त्यांच्या घरी जाऊन पाहावयाचे असेल त्याच्यासाठी १९८७ साली घोषित झालेले मालवणचे सागरी अभयारण्य आपल्याच राज्यात आहे. तेथे अनुज्ञाप्राप्त मार्गदर्शकासह पाण्यात उतरावे, डोळे भरून पाहावे आणि हात आखडते ठेवावेत. घरच्या काचपेटीसाठी हायड्रा पुरेसा आहे. तो कायद्याने वर्ज्य नाही, आणि पाणवनस्पतींच्या पानांबरोबर बहुधा न बोलावताच येतो.

गैरसमज तिसरा : भिंगाची शक्ती जितकी अधिक, तितके अधिक दिसते.

वस्तुस्थिती : भिंगाच्या शक्तीबरोबर त्याचे नाभ्यंतर घटते, आणि खरी अडचण तेथे उपस्थित होते. पाच पटींच्या भिंगाचे नाभ्यंतर सुमारे ५ सेंटिमीटर, तर दहा पटींच्या भिंगाचे सुमारे अडीच सेंटिमीटर असते. म्हणजे दहा पटींचे भिंग काचेला अगदी टेकवले तरी, ६ मिलिमीटर जाडीची काच ओलांडल्यावर, पाण्यात सुमारे पावणेतीन सेंटिमीटरच्या पलीकडचे काही स्पष्ट दिसावयाचे नाही. पाच पटींच्या भिंगाला हीच मर्यादा सुमारे ६ सेंटिमीटरपर्यंत वाढते. शिवाय शक्ती वाढली की दृष्टिक्षेत्र अरुंद होते, स्पष्ट दिसणारा पाण्याचा थर पातळ होतो, आणि हात किंचित हलला तरी सगळे दृश्य निसटते. म्हणून काचेवर वा काचेलगत वावरणाऱ्या जीवांसाठी पाच ते दहा पटींचे भिंग बहुतांशी इष्ट ठरते. काचेतून तिरपे पाहिल्यास प्रतिमा विस्कटते व कडांना रंगांच्या झालरी दिसू लागतात. तेव्हा काचेशी काटकोन साधूनच पाहावे. गोल भांड्याची वक्र काच प्रतिमेत विकृती आणते, म्हणून निरीक्षणासाठी सपाट भिंतींची पेटीच श्रेयस्कर.

ज्यांच्या घरी पिक-ग्लास आहे त्यांनी तेच काचेला टेकवून पाहण्यास हरकत नाही. मात्र त्याची चौकट भिंगाला अशा उंचीवर धरते की तिच्या तळाशी असलेले कापड स्पष्ट दिसावे, आणि काचेच्या आतला जीव त्या तळाच्याही पलीकडे असतो. यास्तव चौकटीचा पाय किंचित दुमडून भिंग काचेच्या जवळ आणावे लागते. मोबाइलवर बोटांनी चित्र मोठे केल्याने तपशील वाढत नाही, केवळ चित्राचे कण फुगतात. त्यासाठी कॅमेऱ्यापुढे बसणारे खरे भिंगच आवश्यक आहे.

गैरसमज चौथा : पाण्यावर तरंगणाऱ्या दर्शकाची (वरून आत पाहण्याच्या उपकरणाची) सारी करामत त्याच्या भिंगात असते.

वस्तुस्थिती : वरून पाहताना दृष्टीला मुख्य अडथळा होतो तो पृष्ठभागावरील तरंगांचा आणि प्रकाशाच्या परावर्तनाचा. दर्शकाचा सपाट, पारदर्शक तळ पाण्याला टेकला की तरंग तेथे थांबतात, चकाकी नाहीशी होते आणि दृष्टी अखंड आत उतरते. भिंग हा त्यावरचा अलंकार मानावा. पाण्यामुळे वस्तू मुळातच जवळ भासते, ४ सेंटिमीटरवरची सुमारे ३ सेंटिमीटरवर असल्यासारखी वाटते, म्हणून साध्या सपाट तळाच्या नळकांड्यातूनही पुष्कळ दिसते. तळाखाली हवेचे बुडबुडे अडकू देऊ नयेत. पाहताना गाळणयंत्र दहाएक मिनिटे थांबवावे, पण फार वेळ बंद ठेवू नये, कारण पाण्यातला प्राणवायू आणि गाळणीतील उपकारक जिवाणू दोन्ही त्याच्या प्रवाहावर अवलंबून असतात. एका पेटीतले साधन दुसऱ्या पेटीत धुतल्या-वाळवल्याशिवाय घालू नये, अन्यथा एका पेटीतला रोग दुसरीत दाखल होतो.

गैरसमज पाचवा : प्रकाश जितका प्रखर, तितके दर्शन स्वच्छ.

वस्तुस्थिती : समोरून टाकलेला झोत काचेवरच परततो व डोळा दिपवतो, उलट बाजूने तिरपा सोडलेला मंद प्रकाश, मागे काळा कागद असता, जवळजवळ पारदर्शक जीवांच्या कडाही उजळून दाखवतो. काचेला धक्का बसला तर हायड्रा तत्क्षणी आखडून ठिपक्याएवढा होतो, म्हणून भिंग हळू टेकवावे आणि तो पुन्हा पसरेपर्यंत थांबावे. त्याच्या दंशपेशी इतक्या वेगाने सुटतात की ती क्रिया सेकंदाच्या दहालाखाव्या भागाहूनही अल्प काळात घडते. ती आपल्याला दिसणार नाही, परंतु शुंडकाला लागलेला पाणपिसू अकस्मात निश्चेष्ट होतो, तो परिणाम मात्र साध्या भिंगातूनही स्पष्ट पाहता येतो. समुद्री पेट्यांसाठी जी नारिंगी काचेची भिंगे विकली जातात ती निळ्या दिव्याखाली चमकणाऱ्या प्रवाळरंगांसाठी असतात, गोड्या पाण्याच्या पेटीला त्यांचा उपयोग नाही. आणि एक सावधगिरी सर्वांनी पाळावी : भिंग खिडकीतल्या उन्हात उघडे ठेवू नये, कारण एकवटलेले ऊन कागद-कापडाला आग लावू शकते; सुताने भरलेल्या गावात तर ही खबरदारी विशेषच घेतली पाहिजे.

गैरसमज सहावा : काचेवर पांढरा किडा वळवळला की तो रोगाचाच असतो, ताबडतोब औषध ओतावे.

वस्तुस्थिती : भिंगाचा खरा उपयोग इथेच आहे; कारण भीतीमुळे ज्यांना आपण एकाच नावाने हाकलतो, ते जीव भिंगाखाली भिन्न भिन्न ठरतात. बारीक, खंडयुक्त आणि नागमोडी वळवळणारे कृमी उरलेल्या अन्नावर जगतात. ते वाढले तर दोष खाऊ घालण्याच्या प्रमाणाचा असतो. त्रिकोणी डोके व दोन डोळ्यांचे ठिपके असलेला, काचेवर सरपटणारा चपटा जीव म्हणजे प्लॅनेरिया, आणि त्यावर मात्र लक्ष ठेवावे. झटके देत पोहणारा, एकच डोळा असलेला, मादीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या पिशव्या दिसणारा तो सायक्लॉप्स. हा सायक्लॉप्स नारूच्या रोगाचा वाहक होता, पायऱ्यांच्या विहिरींच्या पाण्यातून त्याने महाराष्ट्रातही पुष्कळांना पीडा दिली, ही गोष्ट खरी. परंतु तेव्हाही दोष त्याच्यातील नारूच्या अळीचा होता, आणि १९९६ नंतर देशात नारूचा एकही रुग्ण न आढळल्याने जागतिक आरोग्य संघटनेने २००० साली भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले आहे. पेटीतला सायक्लॉप्स माशांच्या पिल्लांचे उत्तम खाद्य आहे. हायड्रा मोठ्या माशांना अपाय करीत नाही, परंतु नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना धरतो, म्हणून प्रजननाच्या पेटीतून तो काढून टाकावा.

पृष्ठभागाखाली टांगल्यासारखी राहणारी डासांची अळी मात्र तत्काळ ओळखलीच पाहिजे, कारण माशांविना राखलेली वनस्पतींची पेटी म्हणजे डासांचे जन्मस्थानच होय. हिवतापवाहक डासांच्या अळ्या पृष्ठभागाला समांतर राहतात, तर डेंग्यूवाहक डासांच्या अळ्या डोके खाली करून तिरक्या लोंबतात. पाच पटींच्या भिंगातून हा भेद सहज कळतो. अशा पेटीत गप्पी मासे सोडावेत वा आठवड्याच्या आत पाणी बदलावे. सर्व प्रकरणी सारखेच औषध ओतणे हानिकारक होय, कारण तांब्याचा अंश असलेली औषधे झिंग्यांचा आणि गोगलगायींचा प्राण घेतात, आणि मेलेल्या जीवांमुळे पाणी अधिकच नासते.

एवढ्या विवेचनावरून वाचकाच्या ध्यानी आले असेल की, या छंदात सर्वांत महाग वस्तू भिंग नसून अवधान आहे. पाच पटींचे एक साधे भिंग, सपाट काच, बाजूने येणारा मंद प्रकाश, आणि पाहिलेल्या गोष्टीची तारीखवार नोंद करणारी एक वही, इतक्या सामग्रीने शाळकरी मुलगाही, हायड्राला अंकुर फुटण्यापासून तो आईपासून सुटेपर्यंतचा, अवघ्या काही दिवसांत पुरा होणारा जीवनक्रम स्वतः पाहू शकेल. शाळांनी आपल्या प्रयोगशाळेत एक गोड्या पाण्याची पेटी व चार-सहा भिंगे ठेवण्याची तजवीज करावी, पालकांनी वाढदिवसाच्या खेळण्याऐवजी मुलाच्या हाती भिंग द्यावे, आणि दुकानदारांनी समुद्रातील जिवंत प्रवाळ मागणाऱ्या गिऱ्हाईकाला नम्र नकार द्यावा. समुद्रातील प्रवाळाचे रक्षण कायद्याने होईल तितके होवो. परंतु ज्या माणसाने त्याच्या गोड्या पाण्यातील आप्ताला एकदा तरी शुंडके पसरताना पाहिले असेल, त्याला प्रवाळ हा दगड आहे असे पुन्हा कोणी पटवून देऊ शकणार नाही, आणि समुद्रातला प्रवाळ तोडण्यास त्याचा हातही सहजासहजी पुढे होणार नाही.