आवणीचा क्रम आठवतो, सकाळची गोळी का नाही?

भोर-वेल्ह्याच्या मावळपट्ट्यात सत्तरी ओलांडलेल्या कुणाही शेतकऱ्याला भाताविषयी विचारावे. राब भाजणे, तरवे टाकणे, चिखलणी, आवणी, बेणणी, कापणी, झोडणी असा सगळा क्रम ते न अडखळता सांगतात. पण ‘बाबा, सकाळची बीपीची गोळी घेतली का?’ म्हटले की तेच थबकतात. पाकिटातल्या रिकाम्या घरांवर बोट ठेवून मोजू लागतात.

‘वय झालं आता,’ असे म्हणून घरचे विषय संपवतात. प्रत्यक्षात या दोन वेगवेगळ्या स्मृती आहेत.

काम कसे करायचे, हे ज्ञान वर्षानुवर्षांच्या सरावाने पक्के होते आणि वयाला बराच काळ दाद देत नाही. आज नेमके काय घडले, याची नोंद मात्र मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसवर अवलंबून असते आणि उतारवयात हा भाग हळूहळू आक्रसतो. त्यात गोळी रोज त्याच जागी, त्याच तांब्यातल्या पाण्याबरोबर घेतलेली. कालची सकाळ आणि आजची सकाळ एकमेकींत मिसळून जातात.

अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जेफ्री झॅक्स आणि सहकाऱ्यांनी याचा माग काढला. रोजच्या कामांच्या चित्रफिती दाखवायच्या आणि कामाचा एक टप्पा संपला असे वाटले की बटण दाबायला सांगायचे, असा हा प्रयोग. त्यांच्या २००६ च्या अभ्यासात वृद्धांनी पाडलेले टप्पे इतरांशी कमी जुळले आणि नंतर त्यांना तपशीलही कमी आठवले. पुढे २०१३ मध्ये २० ते ७९ वर्षांच्या २०८ जणांच्या अभ्यासात दिसले, की टप्पे नीट पाडणाऱ्यांना घटना अधिक आठवतात, मग वय काहीही असो.

म्हणूनच गोळी घेण्याला स्वतःचा ठळक टप्पा द्यावा. वारांचे कप्पे असलेली डबी वापरावी किंवा गोळी गिळताच कालनिर्णयवर खूण करावी.

क्रमच बिघडू लागला, तर मात्र गोष्ट वेगळी. चहात आधी काय टाकायचे याचा गोंधळ, ओळखीच्या बांधावर वाट चुकणे, विळा हातात असून काम न सुचणे ही डिमेन्शियाची लक्षणे असू शकतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे आणि शहरांपेक्षा खेड्यांत त्याचे प्रमाण जास्त आहे.

अशी लक्षणे दिसली तर आई-वडिलांना भोरच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवा आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सोबत न्या. थायरॉईडचा बिघाड, बी-१२ ची कमतरता, नैराश्य किंवा झोपेच्या गोळ्या यांमुळेही विसरभोळेपणा वाढतो आणि या कारणांवर उपचार होऊ शकतात.