रबराची अळी आणि खडपातला मासा

समुद्रापासून शेकडो कोस दूर, वाशीम जिल्ह्यातील मालेगावी राहणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे, की विलायतेतील खडकाळ किनाऱ्यावर उभा राहिलेला एक इसम हलक्या काठीने पाच-दहा ग्रॅम वजनाची रबरी अळी समुद्रात फेकतो आणि बघता बघता हिरव्या-तांबूस अंगाचा, जाड ओठांचा एक दांडगा मासा बाहेर काढतो, असे दृश्य मोबाईलवर पाहावयास मिळाले. तर रबर कोणते आणि अळी कोणती हे त्या माशाला समजत नाही काय, आणि हाच उद्योग आमच्या काटेपूर्णेवर करता येईल काय? प्रश्नाचा उत्तरार्ध मत्स्यखात्याच्या अखत्यारीतला वाटला, तरी पूर्वार्ध मोठा खोल आहे, आणि त्यापायी प्राणिशास्त्रातील नामांकित मंडळी एकमेकांवर तुटून पडलेली आहेत.

दृश्यातला मासा बहुधा रॅस कुळातील ‘बॅलन रॅस’ असावा. नॉर्वेपासून मोरोक्कोपर्यंतच्या अटलांटिक किनाऱ्यावर, जेथे खडक समुद्रात उभे उतरतात आणि त्यांच्या अंगावर शेवाळाचे रान माजते, तेथे त्याचा मुक्काम. लांबी अर्ध्या मीटरच्या पलीकडे जाऊ शकते आणि आयुष्य पंचवीस वर्षांच्याही वर. पाचशेहून अधिक जातींचे हे कुळ उष्ण समुद्रांत अधिक फोफावलेले असून त्यातील हॅलिकोरीस प्रजातीचे रंगीबेरंगी मासे आपल्याही समुद्रात आहेत. मालेगावकरांना हे सारे परमुलखातले वाटण्याचे कारण नाही. ज्या काळ्या पाषाणावर त्यांचे शिवार पसरले आहे, तोच सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा पाषाण सह्याद्री ओलांडून हरिहरेश्वरापाशी समुद्रात उतरतो, आणि लाटांनी घासलेल्या त्याच्या खडपांत कालवे, शिणाणे आणि कुर्ल्या यांची वस्ती असते. रॅस कुळाला नेमकी अशीच वस्ती मानवते, कारण तिच्यावरच त्याची उपजीविका.

कवचाचे प्राणी खाऊन जगावयाचे, तर कवच फोडण्याची सोय हवी. रॅसच्या पुढच्या दातांचे काम खडकाला चिकटलेला जीव उचकटण्यापुरतेच. खरा कारखाना घशात आहे. तेथे हाडांच्या जबड्यांची दुसरी जोडी असते, आणि तिला जाते म्हणण्याचा मोह मला आवरत नाही. आपल्या घरच्या जात्यात खालची तळी जमिनीला घट्ट बसलेली असते आणि वरची फिरते. या माशाच्या घशात निसर्गाने मांडणी उलटी केली आहे. वरचा भाग कवटीच्या तळाला टेकलेला, आणि मूळच्या दोन हाडांचे एक होऊन बनलेला खालचा भाग बळकट स्नायूंच्या आधारे लोंबता, हलता. कवटीवर बसलेल्या तळीला खालच्या तळीने दाबून रगडावयाचे आणि कुर्लीचे भरड पीठ करून पुढे धाडावयाचे! दोन जबड्यांत अशी कामाची वाटणी झाल्यामुळे पुढचे तोंड दळणाच्या जबाबदारीतून मोकळे झाले, आणि मोकळ्या झालेल्या तोंडाला नाना प्रकारचे आकार घेता आले. या कुळाचा एवढा विस्तार होण्यामागे हे एक प्रमुख कारण असल्याचे जाणकार मानतात.

आता त्या इसमाच्या हातातील सामग्री पाहू. सुतासारखी बारीक विणीव दोरी, तिच्या टोकाला खडकावर घासून सहजी न तुटणारा पारदर्शक दोऱ्याचा तुकडा, त्यावर मोकळा सरकणारा शिशाचा निमुळता मणी, आणि शेवटी गळ. पण गळाचे टोक उघडे नाही. ते रबरी अळीच्या अंगात परत टोचून दडवलेले असते, म्हणजे शेवाळात वा कपारीत ते अडकू नये. अळी तळाशी जाऊ द्यावयाची, काठीचे टोक किंचित उचलून तिला वीतभर उडवावयाची, पुन्हा बसू द्यावयाची. प्रथम दोऱ्यावर दोन-तीन बारीक टिचक्या येतात, आणि मग एकाएकी ओढ बसते. कारण आमिष तोंडात धरताच हा मासा मोकळ्या पाण्याकडे न धावता कपारीत मुसंडी मारतो, आणि एकदा का तो आत शिरला की दोरी खडकाच्या स्वाधीन झालीच म्हणून समजावे.

त्या पहिल्या बारीक टिचक्यांतच आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. माशाला हात नाहीत. एखादी वस्तू मऊ आहे की कठीण, कडू आहे की रुचकर, याचा तपास लावावयाचा तर ती तोंडात घेण्यावाचून त्याला गत्यंतर नाही. त्याच्या ओठांवर रुचिकलिका असतात, आणि घेतलेला जिन्नस नापसंत ठरला तर तो क्षणार्धात थुंकून टाकतो. सबब मासा आमिषाला तोंड लावतो तेव्हा तो दर वेळी फसलेला असतोच असे नाही. पुष्कळदा ती त्याची चौकशी असते. गळ टाकणाऱ्याचे सारे कौशल्य चौकशी पुरी होऊन निकाल लागण्यापूर्वी काठी उचलण्यात आहे.

पण चौकशीची बुद्धी तरी व्हावी कशाने? येथे मला कार्ल फॉन फ्रिश यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. मधमाश्यांच्या नृत्याची भाषा उलगडणारे शास्त्रज्ञ म्हणून त्यांना जग ओळखते आणि १९७३ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता, पण माश्यांआधी त्यांनी माशांची तरफदारी केली, ती कैफियत आज फारशी कोणी वाचत नाही. म्युनिकचे विख्यात नेत्रवैद्य कार्ल फॉन हेस यांनी निर्णय देऊन टाकला होता, की मासे सर्वथा रंगांध असून त्यांना केवळ उजेडाची कमी-अधिक तीव्रता कळते. हेस हे मातब्बर गृहस्थ. फ्रिश पंचविशीतले पोर. त्याने लहानशा मिन्नो माशांना ठराविक रंगाशी खाद्याचा संबंध जोडण्यास शिकवले, आणि मग त्या रंगासोबत पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या नाना राखी छटा त्यांच्यापुढे मांडल्या. कारण मासा रंगांध असता तर त्या छटांपैकी एखादी त्याला शिकवलेल्या रंगासारखीच भासून त्याचा घोटाळा झाला असता. घोटाळा झाला नाही. तरीही हेस यांनी अखेरपर्यंत हार मानली नाही, आणि विद्वत्तेच्या दरबारात ज्येष्ठाचा अभिप्राय पुराव्याहून वजनदार ठरण्याचा हा काही पहिला प्रसंग नव्हे. पुढे १९२३ साली याच फ्रिश यांनी डोळे नसलेला एक छोटा अमेरिकन मांजरमासा शिटी वाजवताच बिळातून बाहेर येतो असे दाखवून, मासे बहिरे असतात हा दुसरा समजही मोडीत काढला.

त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या स्वेन डाइकग्राफ या डच शास्त्रज्ञाने माशाच्या कुशीवरून जाणाऱ्या रेषेचा छडा लावला. त्या रेषेवरील सूक्ष्म छिद्रांखाली केसाळ पेशींचे पुंजके असतात आणि जवळपासच्या पाण्याची जराशी हालचाल त्यांना झुकवते. या इंद्रियाच्या शक्तीला डाइकग्राफ ‘दुरून होणारा स्पर्श’ म्हणत. तिचा पल्ला अवघा एक-दोन अंगलांबींचा, पण तेवढ्या अंतरात शेपूट हलवीत बसकण मारणारी अळी जिवंत आहे, अशी साक्ष हे इंद्रिय देते, आणि ती रबराची आहे हे सांगण्याचे साधन त्यापाशी नसते.

येथे दुकानदारांविषयी दोन शब्द. आमिषांच्या सूचिपत्रांत एकाच अळीच्या डझनावारी रंगच्छटा मांडलेल्या असतात आणि प्रत्येकीच्या नावावर पराक्रमाचे दाखले जोडलेले असतात. माशाला रंग दिसतात हे फ्रिश यांनी सिद्ध केले, म्हणून दुकानातील रंग माशाला दुकानातल्यासारखेच दिसतात असे मात्र ठरत नाही. स्वच्छ समुद्रात तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो आणि लालभडक अळी खाली काळपट भासू लागते. कोकणातल्यासारख्या गढूळ पाण्यात उलट निळा आधी लोपतो आणि हिरवट-पिवळा तेवढा टिकतो. रंगाला माशाच्या लेखी मोलच नाही असे मात्र नव्हे. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक निको टिंबर्गेन यांनी काटेरी स्टिकलबॅक माशापुढे लाल पोटाचे ओबडधोबड ठोकळे धरले, तेव्हा नर त्यांच्यावर तुटून पडला आणि हुबेहूब पण लाली नसलेल्या प्रतिकृतीकडे त्याने फारसे लक्ष दिले नाही. त्यांच्या खिडकीवरून जाणाऱ्या टपालाच्या लाल मोटारीवरही टाक्यातले नर धावून जात, ही गोष्ट प्रत्येक पाठ्यपुस्तकात सापडते. पुढच्या संशोधकांना हा लाल रंगाचा महिमा दर वेळी तितका ठाम आढळला नाही, हे मात्र पाठ्यपुस्तके क्वचितच सांगतात. माझा स्वतःचा कौल असा, की सूचिपत्रातले निम्म्याहून अधिक रंग मासा पकडण्यासाठी नसून गिऱ्हाईक पकडण्यासाठी आहेत.

आणि ज्या कुळातला मासा रबराला तोंड लावतो त्याच कुळाच्या अकलेचे पोवाडे सध्या वृत्तपत्रे गात आहेत. ओसाका येथील मासानोरी कोहदा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली प्रसिद्ध केले, की मोठ्या माशांच्या अंगावरील परजीवी टिपून खाणाऱ्या ‘सफाईदार’ रॅसच्या गळ्यावर खूण केली आणि त्याच्यापुढे आरसा ठेवला, तर तो ती खूण तळावर घासून काढू पाहतो. चारांपैकी तीन माशांनी तसे केले. लगेच ‘माशालाही आत्मभान’ असे मथळे झळकले. आरशाची ही कसोटी १९७० साली प्रथम योजणारे गॅलप यांनाच हा निष्कर्ष मान्य झाला नाही, आणि शंका रास्त होती, कारण ज्याचा धंदाच अंगावरचे ठिपके टिपण्याचा आहे त्याला ठिपका खुपणारच. प्रयोग उत्तम होता. मथळे उतावळे होते.

मला विचाराल तर या कुळाचे खरे नवल आरशाहून निराळे आहे. ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळभिंतीवर रॉस रॉबर्टसन यांनी याच सफाईदार रॅसचे कबिले पाहिले, त्यांत एक नर आणि हाताखाली काही माद्या असत. नर नाहीसा झाला की दोनेक तासांत सर्वांत मोठी मादी नराच्या ऐटीत हद्दीची गस्त घालू लागे, आणि पंधरवड्याच्या सुमारास तिच्या शरीरात शुक्रपेशी तयार होत. हा वृत्तांत १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. नरसंप्रेरकाचे मादीसंप्रेरकात रूपांतर करणाऱ्या अरोमाटेज या विकराचे काम प्रथम थांबते आणि त्यामागोमाग अंडाशयाचे रूपांतर सुरू होते, असे या कुळातील एका कॅरिबियन जातीवरील अलीकडच्या अभ्यासाने दाखवले आहे. विलायतेतला बॅलन रॅस तर जन्मतः मादीच असतो. नर होणे ही पुढे, वाढत्या वयात, काहींच्याच वाट्याला येणारी बढती. आता हलक्या काठीवर सर्वांत मोठा मासा पकडून फोटो काढणे आणि तो घरी नेणे यांचा अर्थ काय होतो, याचा हिशेब करावा. बढती मिळालेले तेवढेच निवडून बाद होतात, आणि त्यांची जागा घेण्यास मोठ्या माद्यांना आपले अंडी घालण्याचे काम सोडावे लागते. नॉर्वे आणि स्कॉटलंडमधील सामन माशांच्या शेतांवर उवा टिपण्यासाठी हे मासे लाखोंनी पकडले जाऊ लागले, तेव्हा इंग्लंडच्या काही किनाऱ्यांवर किमान लांबीप्रमाणेच कमाल लांबीचीही मर्यादा घालण्यात आली, आणि त्या नियमामागचे शास्त्र हेच.

राहता राहिली काटेपूर्णा. तिच्यात रॅस नाही, पण मरळ आहे, आणि मरळीचा स्वभाव रबरी बेडकाला अगदी अनुकूल. शेवाळाच्या कडेला दबा धरून बसणारी ही मासळी हवा घेण्यास अधूनमधून वर येते आणि त्या बुडबुड्यांवरून तिचा ठाव लागतो. मात्र पावसाळ्यात पिले झाली, की तांबूस-नारिंगी पिलांची झुंड पाण्यावर तरंगताना दिसते आणि तिच्याखाली आई-बाप पहाऱ्यावर असतात. त्या झुंडीत आमिष टाकले तर मरळ हमखास झडप घालते. भुकेपोटी नव्हे, राखणीपोटी. असली शिकार काही शौकीन मोठ्या फुशारकीने सांगतात. मरळ हवेवर श्वास घेणारी असल्याने ती पकडून परत सोडली तर जगते, हे खरे. पण अमेरिकेतील बास माशाबाबत असे दिसले आहे, की घरट्यावरचा नर थोडा वेळ उचलला तरी इतर मासे तेवढ्यात अंडी-पिलांवर ताव मारतात, आणि म्हणून कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताच्या बऱ्याच भागांत विणीच्या दिवसांत बासवर गळ टाकण्यास मनाईच आहे. आपल्याकडे अशा मनाईची वाट न पाहता झुंड दिसताच काठी आवरती घ्यावी. शिवाय काटेपूर्णेवरील महानच्या धरणाभोवतीचा मुलूख अभयारण्याच्या हद्दीत मोडतो, तेथे परवान्याविना गळ टाकणे गुन्हा; आणि जिल्ह्यातल्या इतर तलावांचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, तेव्हा मरळीचा ठाव घेण्यापूर्वी संस्थेच्या चेअरमनांचा घ्यावा, कारण पाण्यात पडलेला बेडूक रबराचा आहे हे मरळीला कळले नाही तरी त्यांना काठावरूनच कळते.