जुन्या वस्तीतील निवास : शनिशिंगणापूर व पुण्याच्या पेठा

जुन्या नगराचे जतन म्हणजे तेथील वास्तूंचे जतन, असा समज रूढ आहे. परंतु वास्तू टिकून रहिवासी निघून गेले, तर त्या नगराचा केवळ सांगाडा मागे राहतो. यास्तव जुन्या गाभ्यात माणसे का राहतात, का सोडून जातात आणि पुन्हा का येतील, हे प्रश्न नगररचनेच्या अभ्यासात मूलभूत ठरतात.

या दृष्टीने अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर उद्बोधक आहे. उघड्या चौथऱ्यावरील शनीच्या शिळेइतकीच या गावाची ख्याती कवाडांवाचूनच्या घरांमुळे आहे. घरांना चौकट असते, पण कवाड नसते. जनावरे आत शिरू नयेत म्हणून फळी किंवा पडदा लावतात. युको बँकेने २०११ मध्ये येथे उघडलेली शाखाही ‘कुलूप नसलेली शाखा’ म्हणून गाजली. देव राखण करतो, अशी ग्रामस्थांची श्रद्धा आहे. तिच्या जोडीला एक सामाजिक आधारही दिसतो. ओळखीचे शेजारी, दिवसभर घरात असणारी वडीलधारी माणसे आणि अंगणात वावरणारी मुले यांची नजर वाटेवर असते. उघडे घर हे भरल्या वस्तीतच शक्य होते. वस्ती विरळ होऊन तिची जागा दुकाने, वाहनतळ व उतारूंच्या खोल्या यांनी घेतली की ही नजर लोपते. २०१० नंतर येथील चोरीच्या काही तक्रारी वृत्तपत्रांतून आल्या आणि २०१५ मध्ये गावात पोलीस ठाणे सुरू झाले. यात्रेचे गाव वाढत असता त्यातील निवास कसा टिकवावा, हा प्रश्न येथे प्रत्यक्ष उभा आहे.

हाच प्रश्न पुण्याच्या पेठांत निराळ्या रूपाने दिसतो. चौकाभोवती खोल्या आणि एकाच छताखाली मालक व भाडेकरू, अशी वाड्याची घडण होती. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतील असंख्य घरे पडली. निराश्रितांसाठी शहराच्या कडेला वसाहती उभ्या राहिल्या आणि जुन्या गाभ्यातील वस्तीचा एक भाग बाहेर गेला. तथापि पुरापेक्षा मंद, पण अधिक खोलवर परिणाम घडविणारे कारण भाडेनियंत्रण हे होय. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण अधिनियमाने प्रमाण भाडे सामान्यतः १ सप्टेंबर १९४० च्या भाड्याशी बांधले. टंचाईच्या काळात भाडेकरूस बेघर होण्यापासून वाचविण्याचा त्याचा हेतू न्याय्य होता. परंतु कर व दुरुस्तीचा खर्च वाढत राहिला आणि भाडे तेथेच राहिले. मालकाने डागडुजी सोडली आणि वाडे खचू लागले. उलटपक्षी, बाहेर घर घेतलेला भाडेकरूही नाममात्र भाड्याची खोली सोडीना. शिंगणापुरात कुलूप नाही पण माणसे आहेत; पेठेतील अशा खोलीस कुलूप आहे पण माणूस नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियमाने वार्षिक चार टक्के वाढीस मुभा दिली खरी, तथापि मूळ भाडेच अल्प असल्याने तिचा उपयोग मर्यादित राहिला.

यावर केवळ अधिक चटईक्षेत्र देणे हा उपाय पुरेसा नाही. अरुंद बोळातील चिंचोळ्या भूखंडावर ते क्षेत्र वापरणे कठीण असते; आणि वापरले तरी तळमजल्यास दुकान व वरती कचेरी आली, तर रात्री वस्ती रितीच राहते. दुरुस्तीसाठी स्थायी निधी अधिक उपयुक्त ठरतो. मुंबईत १९६९ च्या कायद्याने जुन्या भाड्याच्या इमारतींवर उपकर बसवून दुरुस्ती मंडळ स्थापिले. पुण्याच्या वाड्यांस ही व्यवस्था लागू नाही. इटलीतील बोलोन्या नगराने १९७३ च्या योजनेत सार्वजनिक गृहनिर्माणाचा पैसा नव्या वसाहतींऐवजी जुन्या घरांच्या दुरुस्तीकडे वळविला व मूळ रहिवासी तेथेच राहावेत असा आग्रह धरला. या दृष्टांतातील सार हे की, अनुदानासोबत निवासाची अट असावी.

याखेरीज पाणी, स्वच्छता, शाळा, दवाखाना व पायी चालण्याजोगे रस्ते यांवाचून तरुण कुटुंबे परत येणार नाहीत. शिंगणापुरास हा विचार वेगळ्या अंगाने लागू पडतो. २०१८ मध्ये राज्य विधिमंडळाने देवस्थानासाठी स्वतंत्र अधिनियम संमत केला. तथापि देवस्थानाची व्यवस्था आणि गावाची वस्ती ही दोन भिन्न कार्ये होत. यात्रेकरूंच्या सोयी मंदिरापासून काही अंतरावर ठेवून मूळ गावठाणात राहत्या घरांस प्राधान्य दिले, तरच बिनकवाडाचे घर प्रेक्षणीय वस्तू न होता राहते घर राहील. कवाड नसण्याची चाल टिकविणे ग्रामस्थांच्या इच्छेवर सोडावे; परंतु तेथे राहणे त्यांना परवडेल, याची तजवीज करणे हे नियोजनाचे कर्तव्य होय.